केंद्रीय अनुदान : अर्जापूर्वी आणि मंजुरीनंतर

धर्मादाय आयुर्वेदीय दवाखान्यास केंद्रशासनाच्या आयुष मंत्रालयाचे अनुदान मिळावे, अशी इच्छा अनेक वैद्य आमच्याकडे व्यक्त करतात. स्वमालकीचा दवाखाना वा औषधालय कितीही सेवाभावाने चालविले, तरी ते ना-नफा संस्था ठरत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अथवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदणी, संस्थेच्या नावे पॅन व बँक खाते, लेखापरीक्षित हिशेब आणि नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरील क्रमांक ही सामग्री आधी सिद्ध असावी. पात्रतेच्या अटी योजनेगणिक बदलतात; त्या वाचूनच प्रस्ताव लिहावा. ‘आयुर्वेदाचा प्रसार’ असा मोघम हेतू टाळून रुग्ण कोण, व्याधी कोणती, औषध किती व परिणाम कसा मोजणार, हे मांडावे.

खरी कसोटी मंजुरीनंतर लागते. सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. अनुदानावरील व्याज शासनाकडे भरावे लागते. त्यातून घेतलेली यंत्रसामग्री पूर्वपरवानगीविना विकता येत नाही. विश्वस्तांपैकी कोणाचे औषधालय असल्यास खरेदी दरपत्रके मागवूनच करावी व देयकावर बॅच क्रमांक असावा, असे आम्ही सुचवितो. हिशेबात संशय शिरला की पुढील हप्ता अडतो, आणि मोफत औषधावर विसंबलेला रुग्ण रिकाम्या हाताने परततो. केसपेपर ज्या निष्ठेने लिहितो, त्याच निष्ठेने आपण खतावणीही लिहावी.