ताकदीचे लाल इंजेक्शन : कोणाला, केव्हा आणि किती दिवस?

आठवडी बाजाराच्या दिवशी मूर्तिजापूरच्या दवाखान्यांत एक मागणी हमखास ऐकू येते : “डॉक्टर साहेब, अंगात जीव नाही राह्यला, ताकतीचं लाल इंजेक्शन लावून द्या.” मागणी करणाऱ्यांत कपाशी वेचून थकलेल्या शेतमजूर भगिनी असतात, माळकरी आजोबा असतात आणि परीक्षेच्या तयारीने कोमेजलेली मुलेही असतात. हे लाल इंजेक्शन म्हणजे बहुधा ब-१२ जीवनसत्त्व. त्याचा रंग वरून मिसळलेला नसतो. कोबाल्ट या धातूभोवती गुंफलेल्या त्या रेणूचाच तो मूळ रंग आहे.

ज्याच्या शरीरात ब-१२ खरोखरच संपत आले आहे, त्याला हे इंजेक्शन संजीवनीसारखे लाभते. परंतु तपासणीशिवाय अधूनमधून टोचून घेतलेले एखादे इंजेक्शन आजार बरा करीत नाही. उलट, आजाराच्या खुणा तेवढ्या पुसून टाकते. हा भेद प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे आवश्यक आहे.

रक्तक्षय एक, कारणे अनेक

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. यातील मोठा वाटा लोहाच्या कमतरतेचा आहे. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. याउलट ब-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी पडले, तर अस्थिमज्जेत पेशींचे विभाजन रखडते. पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होतात. विदर्भात सिकलसेल हे आनुवंशिक कारणही विसरून चालत नाही. तेथे जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मूळ दोष दूर करू शकत नाही.

ब-१२ च्या अभावाची लक्षणे हळूहळू येतात : धाप, थकवा, जीभ लालसर व गुळगुळीत होऊन तिखट न सोसणे, तोंड येणे, बोटांच्या पेरांवर काळसरपणा. त्यापुढची लक्षणे अधिक गंभीर असतात. तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, अंधारात तोल जातो, विसराळूपणा वाढतो. ही रक्ताची नव्हे, मज्जातंतूंची तक्रार आहे. हिमोग्लोबिन फारसे कमी नसतानाही ती उद्भवू शकते.

मुंबईतून मिळालेला धडा

या आजाराच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान महाराष्ट्रात लिहिले गेले. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्लंडच्या डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये मोठ्या पेशींचा तीव्र रक्तक्षय आढळत होता आणि त्यात अनेकींचा बळी जात होता. निकृष्ट आहाराशी त्याचा संबंध असल्याचे विल्स यांनी ओळखले आणि यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक अ‍ॅसिड.

ब-१२ चा शोध वेगळ्या वाटेने लागला. १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी रुग्णांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून तोवर प्राणघातक ठरणारा रक्तक्षय आटोक्यात आणला. यकृतातील तो घटक १९४८ मध्ये लाल स्फटिकांच्या रूपात हाती आला. त्याच सुमारास डॉक्टरांना एक कटू अनुभव येत होता. ब-१२ ची उणीव असलेल्या रुग्णांना केवळ फॉलिक अ‍ॅसिड दिले, तर रक्त सुधारत असे. पण मज्जातंतूंचा ऱ्हास चालूच राही, काही वेळा तो बळावतही असे. म्हणून आजही मोठ्या पेशींचा रक्तक्षय दिसला, की ब-१२ ची स्थिती पाहिल्याशिवाय एकट्या फॉलिक अ‍ॅसिडवर विसंबू नये.

येथे गरोदर भगिनींनी गैरसमज करून घेऊ नये. शासकीय केंद्रातून मिळणारी लोह व फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करावयाची नाही. ती आई व बाळ दोघांनाही आवश्यक आहे. मात्र त्या गोळीत ब-१२ नसते. ती नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर इतर कारणांसोबत ब-१२ चीही चौकशी करावी.

माळ, शाकाहार आणि ब-१२

ब-१२ हे वनस्पती तयार करीत नाहीत, प्राणीही करीत नाहीत. ते फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. ते आपल्यापर्यंत मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून पोहोचते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, आंबाडीची भाजी हा आपला आहार अनेक दृष्टींनी उत्तम आहे. परंतु त्यात ब-१२ नाही. मोड आलेली कडधान्ये किंवा स्पिरुलिना यांवरही भिस्त ठेवता येत नाही. शाकाहारी माणसाचा आधार म्हणजे दूध, दही आणि ताक. मोठ्या माणसाची रोजची गरज जेमतेम दोन ते अडीच मायक्रोग्रॅम असते आणि पेलाभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते. गावातले दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते, तेथे हिशेब चुकतो.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर मातांचा दीर्घकालीन अभ्यास केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले, तर फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता जवळजवळ नव्हती. ज्या मातांमध्ये फॉलिक अ‍ॅसिड भरपूर व ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. म्हणजे हा प्रश्न पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो.

“इंजेक्शन घेतले तर माळ बाटेल काय?” असा प्रश्न वडीलधारी मंडळी संकोचाने विचारतात. औषधातील ब-१२ आज जिवाणूंच्या साहाय्याने, किण्वनप्रक्रियेने तयार केले जाते. त्यासाठी प्राण्याची हत्या होत नाही. कॅप्सूलचे आवरण मात्र प्राणिज जिलेटिनचे असू शकते. अशा वेळी साधी गोळी लिहून मागावी.

टोचण्यापूर्वी रक्त द्या

इंजेक्शन घेतल्यानंतर रक्तातील ब-१२ चा आकडा झपाट्याने वाढतो आणि मूळ उणीव झाकली जाते. म्हणून आधी नमुना द्यावा. पेशींची संपूर्ण मोजणी, काचपट्टीवरील रक्ताची पाहणी आणि ब-१२ ची पातळी एवढ्या तपासण्यांतून बहुतेक वेळा दिशा मिळते. लोह आणि ब-१२ दोन्ही कमी असतील, तर पेशींचा सरासरी आकार सामान्य दिसून फसगत होऊ शकते. तेथे काचपट्टीची पाहणी मोलाची ठरते. तोल जाणे, पाय बधिर होणे अशी लक्षणे असतील, तर नमुना घेऊन लगेच उपचार सुरू करावेत. अहवालाची वाट पाहत बसू नये.

कमतरता का आली, हेही शोधावे लागते. आहार हे एकच कारण नसते. जठरात तयार होणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाच्या मदतीने ब-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. हे प्रथिन न बनणे, जठराची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे चालू असलेली मेटफॉर्मिन, आम्लपित्तावर मनानेच चालू ठेवलेल्या गोळ्या, यांमुळेही शोषण घटते. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांना विचारून ब-१२ तपासावे.

इंजेक्शन की गोळी?

रक्तक्षय तीव्र असेल, मज्जातंतूंची लक्षणे असतील किंवा शोषणातच दोष असेल, तर इंजेक्शन श्रेयस्कर. साधारणतः १००० मायक्रोग्रॅमची मात्रा स्नायूत दिली जाते. प्रथम एक-दोन आठवडे रोज किंवा एक दिवसाआड, मग काही आठवडे आठवड्यातून एकदा आणि पुढे महिन्यातून एकदा. नेमका क्रम रुग्णानुसार डॉक्टर ठरवितात. सौम्य, आहारजन्य कमतरतेत मोठ्या मात्रेची गोळीही पुरेशी ठरते. कारण गोळीतील सुमारे एक टक्का भाग त्या प्रथिनाशिवायही शोषला जातो.

उपचार लागू पडला, की पाच ते सात दिवसांत रक्तात नव्या पेशींची संख्या वाढू लागते. भूक सुधारते, जिभेची आग शमते. हिमोग्लोबिन पूर्ववत होण्यास मात्र सुमारे दोन महिने लागतात. मज्जातंतूंना त्याहून अधिक काळ लागतो. फार जुने नुकसान पूर्णपणे भरून येईलच असे नाही. दोन इंजेक्शनांनी बरे वाटले म्हणून उपचार सोडणारे रुग्ण त्यामुळेच स्वतःचे नुकसान करून घेतात. यकृतातील साठा रिकामाच राहतो आणि काही महिन्यांनी तक्रारी परततात. आहारजन्य कारण असेल, तर साठा भरल्यावर दूध-दही व गोळी यांवर भागते. शोषणाचा दोष कायमचा असेल, तर उपचारही आयुष्यभर चालू ठेवावा लागतो.

औषध सामान्यतः सुरक्षित आहे. क्वचित पुरळ किंवा अ‍ॅलर्जी उद्भवते. अतितीव्र रक्तक्षयात सुरुवातीच्या दिवसांत पोटॅशियम घटण्याचा धोका असतो. बसल्या जागी धाप, छातीत दुखणे, पायांवर सूज अशी लक्षणे असणाऱ्या रुग्णाला घरी इंजेक्शन देत न बसता रुग्णालयात न्यावे.

अंगावरचे बाळ

आईच्या शरीरात ब-१२ नसेल, तर तिच्या दुधातही ते कमी असते. १९६२ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा बाळांचे वर्णन केले : निस्तेज, फिकट, हातांवर काळसर डाग, शिकलेल्या हालचाली विसरत चाललेली. सहा-आठ महिन्यांचे बाळ हसणे, मान धरणे, बसणे सोडू लागले, हात थरथरू लागले, तर “नजर लागली” म्हणून थांबू नये. स्तनपान बंद न करता बाळ आणि आई दोघांनाही तत्काळ तपासून घ्यावे. अशा बाळाच्या मेंदूच्या दृष्टीने प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.

पुढच्या वेळी लाल इंजेक्शन मागण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारा : माझ्या रक्तक्षयाचे कारण कोणते? इंजेक्शनापूर्वी रक्ताचा नमुना घेतला का? एकूण किती मात्रा आणि किती काळ? पुन्हा तपासणी केव्हा? उत्तरे वहीत लिहून ठेवा आणि ठरलेल्या तारखा पाळा.