सीझरांच्या घरच्या ज्युलिया

रोमन मुलीला स्वतःचे असे नाव बहुधा नसे. बापाच्या कुळनामाचे स्त्रीलिंगी रूप, तेच तिचे नाव. ज्युलियस सीझरची आत्या ज्युलिया, दोघी बहिणी ज्युलिया, मुलगीही ज्युलियाच! मार्क अँटनीला ऑक्टेव्हियापासून झालेल्या दोन्ही मुली अँटोनिया. ओळखायच्या कशा, तर ‘थोरली’ नि ‘धाकटी’. गिरणीच्या हजेरीपटावर माणसाचा नुसता नंबर उरे, त्यातलाच हा प्रकार. लग्नानंतर मात्र हे नाव सहसा बदलत नसे, एवढे बरे.

इ. स. १४ मध्ये ऑगस्टस वारला. त्याच्या मृत्युपत्राने विधवा लिव्हिया ज्युलियन कुळात दत्तक गेली आणि ‘ज्युलिया ऑगस्टा’ झाली. म्हणजे कायद्याने नवऱ्याचीच मुलगी! त्यानंतर तिने मुक्त केलेल्या गुलामांनाही ज्युलियस हेच कुळनाम लागले.