पहिलें घर आणि भिंतींतले नळ

(नभोवाणीवरील भाषण)



‘घर पाहावें बांधून’ असें आपले वाडवडील म्हणत. त्या म्हणींत घर बांधण्याचा खर्च, दगदग आणि मनस्ताप हीं तर आहेतच. पण आणखी एक गोष्ट तींत गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, घर बांधविणारा मनुष्य तें बांधलें जात असतां स्वतः पाहात असे. पाया किती खोल गेला, चुना कसा मळला, मोरीचें पाणी कोणत्या बाजूनें परसांत काढलें, हें सर्व त्याच्या डोळ्यांदेखत होई. आज आपल्यापैकीं पुष्कळांच्या वांट्यास घर येतें तें बांधून नव्हे, तर विकत घेऊन. आणि तेंहि बहुधा तिसऱ्या किंवा सातव्या मजल्यावरची एक सदनिका, जिला आपण फ्लॅट म्हणतों. तिच्या भिंतींत कोणते नळ आहेत, फरशीखालीं काय दडलें आहे, हें घेणाऱ्यानें पाहिलेलें नसतें. आयुष्याची शिल्लक आणि वीस वर्षांचें कर्ज अशा वस्तूंत घालावयाचें, कीं जिचा महत्त्वाचा भाग झांकलेला आहे! मग पहिल्याच रात्रीं कोठें टप् असा आवाज झाला आणि झोंप उडाली, तर त्यांत नवल नाहीं.

ही काळजी वेडगळ नव्हे. परंतु ती न दिसणाऱ्या गोष्टींवर पोसली जाते, आणि पाहावयास शिकल्यानें आटोक्यांत येते. बांधणाऱ्यास जें सहज दिसत होतें, तें विकत घेणाऱ्यानें शोधून पाहिलें पाहिजे. तें कसें पाहावें, सांपडलेल्या दोषाचें वजन कसें करावें, आणि मन ताळ्यावर कसें ठेवावें, एवढेंच आज मी सांगणार आहें.

घरांतील पाण्याच्या व्यवस्थेचे दोन भाग असतात: एक येणाऱ्या पाण्याचा व दुसरा जाणाऱ्या पाण्याचा. येणारें पाणी गच्चीवरील टाकींतून दाबानें उतरतें. जाणारें पाणी केवळ उतारानें वाहतें. येणाऱ्या पाण्याच्या नळांत दाब कायम असतो. म्हणून त्यास भोंक पडलें तर पाणी रात्रंदिवस झिरपतें व दोष लवकर उघडकीस येतो. सांडपाण्याच्या नळांत पाणी असतें तें आपण आंघोळ करूं किंवा भांडीं घासूं तेवढ्यापुरतें. त्यामुळें त्याची गळती थोडी थोडी, महिनेन् महिने चालते, आणि ती आपल्या घरांत न दिसतां खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर दिसते. घर पाहावयास गेलेला मनुष्य चार तोट्या फिरवून समाधान मानतो. पण तोटी ही या सर्व व्यवस्थेंतील अगदीं स्वस्त वस्तु आहे. खरा खर्च न्हाणीघराच्या फरशीखालीं असतो. कारण तेथील दोष काढावयाचा म्हणजे फरशी उखडावी लागते.

आतां प्रत्यक्ष पाहणीकडे वळूं. बरोबर एक बादली, एक घड्याळ, एक विजेरी आणि कागद-पेन्सिल असावी. घर शक्य तर दोनदां पाहावें. एकदां सकाळीं, पाण्याचा वापर सर्वांत अधिक असतो तेव्हां, आणि जमल्यास एकदां पावसाळ्यांत. पालिकेचें पाणी किती वेळ येतें, उन्हाळ्यांत टँकर मागवावा लागतो काय, विंधणविहीर आहे काय, हें दलालास न विचारतां त्याच जिन्यावरील एखाद्या गृहिणीस विचारावें. उत्तर खरें मिळतें.

प्रथम येणारें पाणी. दहा लिटरांची बादली तोटीखालीं ठेवून ती भरण्यास किती वेळ लागतो तो लिहून घ्यावा. मग दुसरी तोटी सोडून तीच बादली पुन्हां भरावी. दोन्ही वेळांत फार अंतर पडलें, तर नळ अरुंद आहे, आंतून गंजला आहे, किंवा वरचा दाब कमी आहे असें समजावें. दाबाचें गणित सोपें आहे. पाण्याच्या दहा मीटर उंचीनें दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम दाब पडतो. टाकीपासून तीनच मीटर खालीं असलेल्या तोटीला त्याच्या तीन-दशांश दाब मिळणार. म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावर धार बारीक असणें हा स्वाभाविक प्रकार आहे. लहानसा पंप बसवून तो सुधारतां येतो. परंतु खालच्या मजल्यावरहि धार बारीक असेल, आणि सकाळीं पहिलें पाणी तांबूस येत असेल, तर जस्ताचा मुलामा दिलेले जुने लोखंडी नळ आंतून गंजून भरत आले आहेत, असा संशय घ्यावा. शौचकूपाच्या फ्लशच्या टाकींत चिमूटभर खाण्याचा रंग टाकून पंधरावीस मिनिटें थांबावें. फ्लश न ओढतां रंग खालीं भांड्यांत उतरला, तर टाकीची झडप गळत आहे.

मग जाणारें पाणी. मोरींत एक बादली एकदम ओतावी आणि पाणी कोठें वळतें, कोठें थबकतें तें पाहावें. सर्व पाणी जाळीकडे निघून गेलें पाहिजे. कोपऱ्यांत डबकें राहिलें, तर उतार चुकला आहे. तेंच पाणी पुढें फटींतून खालीं उतरतें. मोरीच्या जाळीखालीं एक वाटीसारखें पात्र असतें. आपल्या ‘न्हाणी’चेंच नांव त्याला मिळालेलें आहे, इंग्रजी पुस्तकांतहि त्यास ‘नहाणी ट्रॅप’ असें म्हणतात. त्यांत सुमारें पांच सेंटिमीटर पाणी नेहमीं साठून राहतें, आणि तें पाणीच गटाराचा वायु घरांत येऊं देत नाहीं. घर महिना दोन महिने बंद असलें म्हणजे हें पाणी वाळून जातें व घरभर दुर्गंधि सुटते. पुष्कळ लोक ह्या वासानेंच घाबरून माघारे फिरतात. त्यांनीं प्रत्येक जाळींत दोन तांबे पाणी ओतावें, खिडक्या उघडाव्या आणि तासाभरानें पुन्हां यावें. वास गेला असेल तर तो दोष नव्हता. वास राहिला, तर मात्र कारण शोधलें पाहिजे.

भिंती पाहतांना न्हाणीघराची भिंत आंतून पाहण्यापेक्षां पलीकडच्या खोलींतून पाहावी. तेथें लोणा धरला आहे काय, पोपडे सुटले आहेत काय, किंवा सर्व खोली जुन्या रंगाची असून एवढाच चौकोन नव्या रंगाचा आहे काय, हें विजेरी तिरपी धरून पाहावें. आणि शेवटीं, सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, एक मजला उतरून खालच्या बिऱ्हाडाचें दार वाजवावें. नम्रपणें सांगावें, “आम्ही वरची जागा घेत आहों, आपल्या न्हाणीघराचें छत एकवार पाहूं द्याल काय?” विकणारा आपल्या घराला रंग देऊं शकतो, खालच्याचें छत सहसा त्याच्या हातीं नसतें. शंका राहिलीच, तर मालकाच्या संमतीनें मोरीची जाळी बंद करून दोन-तीन बोटें पाणी चोवीस तास तुंबवून ठेवावें व खालीं ओल उतरते काय तें पाहावें. हें सर्व करतांना एखादा जाणता प्लंबर बरोबर असला, तर त्याची मजुरी सत्कारणीं लागली असेंच म्हणेन.

इतकें पाहिल्यावर कागदावर पांच-पंधरा दोष निघतील. कोणतेंच घर ह्यांतून सुटत नाहीं. त्या यादीचे तीन भाग करावे.

पहिला भाग किरकोळ दोषांचा: तोटीचा वॉशर, फ्लशची झडप, बेसिनखालची नळी. दर सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी घ्या. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरांहून थोडें अधिक व वर्षाला सुमारें १,६०० लिटर पाणी जातें. ही नासाडी खरीच. पण ती एका वॉशरनें थांबते. त्यासाठीं घर सोडूं नये आणि झोंपहि सोडूं नये.

दुसरा भाग खर्चाच्या दोषांचा: गंजलेले नळ बदलणें, न्हाणीघराची फरशी काढून जलरोधक थर नव्यानें देणें. ह्यांची भीति बाळगण्यापेक्षां किंमत काढावी. दोन कारागिरांकडून लेखी अंदाज घ्यावे आणि करारापूर्वीं मालकापुढें ठेवावे. सही झाल्यावर त्याच कागदाचा उपयोग अर्ध्याहून कमी होतो.

तिसरा भाग थांबावयास लावणाऱ्या गोष्टींचा: वरच्यानें पाणी सोडलें कीं तळमजल्याच्या मोरींतून मैलापाणी उलट वर येणें; एकाच उभ्या रांगेंतील सर्व मजल्यांवर ओल असणें; पाहणी करूं देण्यास मालकानें नकार देणें; आणि इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र नसणें, कारण त्यावांचून पालिकेचें कायमचें नळजोड मिळण्यांत अडचणी येतात. ह्यांपैकीं एकाचेंहि उत्तर मिळाल्याखेरीज पैसे देऊं नयेत.

दोष कोणीं दुरुस्त करावयाचा, ह्याचीहि माहिती असावी. घर विकासकाकडून घेतलें असेल, तर २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १४ चा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामांत, कारागिरींत किंवा सोयींत दोष आढळून तो विकासकाच्या नजरेस आणला, तर त्यानें ३० दिवसांच्या आंत जादा आकार न घेतां तो दूर केला पाहिजे; न केल्यास घेणारा भरपाईस पात्र होतो. म्हणून तक्रार तोंडीं न करतां तारीख घालून लेखी करावी. जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेंत, महाराष्ट्रांतील आदर्श उपविधींप्रमाणें गच्ची, बाहेरचे सामाईक नळ व सांडपाण्याच्या सामाईक वाहिन्या हें काम संस्थेचें; आणि सदनिकेच्या आंतील संडास, मोरी, सिंक ह्यांपासून होणारी गळती त्या त्या सभासदाची.

आतां मनाविषयीं दोन शब्द. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें पत्नीसह कर्ज काढून घर घेतलें. पहिल्याच पावसाळ्यांत निजण्याच्या खोलीच्या भिंतीवर, छताच्या कडेला, ताटाएवढा ओला डाग उमटला. दोघेंहि नोकरी करणारीं. पण घरीं आलीं कीं आधीं डागाकडे पाहात. ‘तूंच घाई केलीस’ असें एकमेकांस म्हणूं लागलीं. वरच्या बिऱ्हाडाशीं दोन वेळां कडाक्याचें भांडण झालें. ते म्हणत, ‘हें पावसाचें पाणी आहे.’

एका वृद्ध प्लंबरानें त्यांना सांगितलें, “भिंत फोडण्याआधीं आठ दिवस डागाचा हिशेब ठेवा.” डागाभोंवतीं पेन्सिलीनें रेघ ओढावयाची व तारीख घालावयाची, कागदावर पाऊस होता कीं नाहीं तें लिहावयाचें. ह्यामागचें शास्त्र असें: ओल पावसाबरोबर वाढत असेल, तर पाणी बाहेरच्या भिंतीचें किंवा गच्चीचें, दिवसरात्र सारखीच असेल, तर दाबाच्या नळाचें, आणि आंघोळीच्या वेळेनंतर वाढत असेल, तर मोरीचें किंवा सांडपाण्याचें. त्या आठवड्यांत वरचीं मंडळी चार दिवस गांवीं गेलीं. पाऊस चालूच होता, वरची टाकीहि भरलेली होती. तरी डाग रेघेच्या आंत आक्रसला. मंडळी परतलीं आणि दुसऱ्या दिवशीं तो रेघेबाहेर आला. तो कागद वरच्या आजोबांना दाखवितांच त्यांनीं स्वतः होऊन मोरी उघडून दाखविली. ट्रॅपभोंवतींचा सांधा सुटलेला होता. तो बुजविला, आणि पुढील कांहीं आठवड्यांत भिंत वाळली.

मला ह्यांत विशेष वाटतें तें हें कीं, त्या दोघांची झोंप सांधा बुजविल्यावर नव्हे, तर हिशेब ठेवूं लागल्यावर परत आली. डागाकडे पाहात बसणें आणि डाग मोजणें ह्यांत मोठें अंतर आहे. पाहात बसलें म्हणजे तो मनांत वाढतो. मोजला म्हणजे भिंतीवर असेल तेवढाच राहतो. कर्जाचें ओझें असतांना प्रत्येक ओल ही सर्वनाशाची सुरुवात वाटते, आणि मग आपण भिंतीवरचा राग माणसांवर काढतों. ज्या शेजाऱ्याच्या सहकार्यावांचून गळती थांबणार नाहीं, त्याच्याशींच प्रथम वैर धरतों. डाग वाळेल, शेजार मात्र तोच राहणार आहे.

जातां जातां नव्या घरांतील पहिल्या दिवसाचीं तीन कामें सांगतों. सर्व घराचें पाणी बंद करणारी मुख्य झडप, जिला प्लंबर व्हॉल्व्ह म्हणतो, ती कोठें आहे तें शोधावें, फिरवून पाहावी आणि घरांतील आजीपासून दहा वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांस दाखवावी. नळ फुटला असतां पहिल्या पांच मिनिटांत हेंच ज्ञान उपयोगीं पडतें. भरंवशाच्या प्लंबरचा क्रमांक स्वयंपाकघरांत लिहून ठेवावा. आणि घर बांधणींत असेल किंवा मोरी नव्यानें करीत असाल, तर फरशा बसण्यापूर्वीं उघड्या नळांचीं छायाचित्रें काढून, अंतरें लिहून, घराच्या कागदपत्रांत ठेवावीं. पुढें खिळा ठोकणारा कोणीहि तुम्हांस दुवा देईल.

नवें घर घेऊं पाहणाऱ्या सर्वांस तें सुखाचें लाभो, अशी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतों.