वेल्डिंगचा धूर : उगमापाशीच अडवा

पेडेस्टल फॅन लावला की शेडमधली हवा सुधारते, हा गैरसमज आहे. फॅन धूर बाहेर काढत नाही, तो शेजारच्या कामगाराकडे ढकलतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगच्या धुराला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. म्हणून धूर निघतो तिथेच तो हूड आणि डक्टच्या एक्झॉस्ट यंत्रणेने खेचून घ्या.

● अंतर : डक्टच्या उघड्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतक्या अंतरावर खेचण्याचा वेग साधारण दहा टक्केच उरतो. म्हणून हूड ठिणगीच्या जितका जवळ, तितका चांगला.

● वेग : धूर निघतो तिथे हवेचा वेग सेकंदाला 0.5 ते 1 मीटर हवा. फार जास्त झाल्यास जोडावरचे गॅसचे संरक्षक आवरण विस्कटते.

● जागा : हूड बाजूला किंवा समोर ठेवा. डोक्यावर टांगल्यास धूर वाकलेल्या वेल्डरच्या तोंडावरूनच वर जातो.

● भरपाई : जितकी हवा बाहेर काढाल, तितकी ताजी हवा आत येण्याची वाट ठेवा. बंद शेडमध्ये एक्झॉस्ट नुसताच घुमतो.

● कायदा : धूळ-धूर उगमाच्या शक्य तितक्या जवळ खेचून घ्यावा, असे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 14 नेच सांगितले होते.

सोपी चाचणी : वेल्डिंग बंद असताना, आसपास ज्वालाग्राही काही नाही याची खात्री करून, कामाच्या जागी पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ हूडकडे वळला नाही, तर यंत्रणा तपासून घ्या. मास्क हा त्यानंतरचा उपाय आहे, तिची जागा घेणारा नव्हे.