आकड्यांबाहेरच्या माणसांची गाणी

२१ नोव्हेंबर १९९५ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात डाऊ जोन्स निर्देशांक प्रथमच ५,००० च्या वर बंद झाला. मंदी सरून चार वर्षे लोटली होती. बेकारीचे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरले होते. नेमक्या त्याच दिवशी ब्रूस स्प्रिंगस्टीन यांची 'द घोस्ट ऑफ टॉम जोड' ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिच्यातील बारा गाण्यांत भरभराटीचा मागमूस नाही. एकाच देशाचे एकाच दिवशीचे हे दोन ताळेबंद होत, आणि दोन्ही खरे आहेत.

टॉम जोड हा स्टाइनबेक यांच्या १९३९ सालच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरीचा नायक. जमीन गमावून ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियाची वाट धरणाऱ्या शेतकऱ्यांचा तो प्रतिनिधी. १९४० साली लोकगायक वुडी गथ्री यांनी त्याच्यावर गीत रचले. तोच धागा स्प्रिंगस्टीन यांनी वयाच्या ४६ व्या वर्षी हाती घेतला. हजारोंचा समुदाय डोलविणारा वाद्यांचा गजर त्यांनी बाजूला सारला. उरली ती मुख्यतः गिटार, माउथऑर्गन आणि जवळजवळ पुटपुटणारा आवाज. १९८२ मध्ये 'नेब्रास्का'त ही वाट त्यांनी एकदा चोखाळली होती.

हा आवाज इतका खाली का आला, याचा विचार करताना १९८४ साल आठवते. 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे गीत व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या सैनिकाची व्यथा सांगणारे; परंतु ढोलांच्या दणदणाटात अनेकांनी ते देशाभिमानाची आरोळी म्हणून डोक्यावर घेतले. त्याच वर्षी अध्यक्ष रेगन यांनीही प्रचारसभेत या गायकाचा गौरवाने उल्लेख केला. गजरात अर्थ बुडतो. हळू बोलणाऱ्याकडे मात्र कान द्यावा लागतो.

कान दिला म्हणजे काय ऐकू येते? ओहायो राज्यातील यंग्जटाऊन हे पोलादाचे गाव. १९ सप्टेंबर १९७७ रोजी तेथील मोठा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि सुमारे ५,००० कामगारांची रोजी गेली. त्या गावावरच्या गीतात एक पोलाद कामगार पिढ्यांचा हिशेब मांडतो : देशाच्या युद्धांसाठी पोलाद येथल्या भट्ट्यांनी दिले, लढायला मुलेही येथल्याच घरांनी दिली, पदरी काय पडले? पाठ्यपुस्तके याला 'संरचनात्मक बदल' म्हणतात. शब्द चुकीचा नाही. पण त्या शब्दात माणूस दिसत नाही. अन्य गीतांत मेक्सिकोहून सरहद्द ओलांडणारे मजूर आहेत, तसाच त्यांना अडविणारा पहारेकरीही आहे. दोघांनाही स्वतःची बाजू आहे.

चालींत वैविध्य कमी, हा या संग्रहावरील आक्षेप खोटा नाही. या निवडीची किंमतही मोजावी लागली. १९७५ पासून त्यांचा प्रत्येक नवा संग्रह अमेरिकेत पहिल्या पाचांत गेला होता. हा अकराव्या क्रमांकावर थांबला. पुढे लोकसंगीत विभागातील ग्रॅमी पुरस्कार त्याला मिळाला. गायकाने मात्र भव्य मैदाने सोडून लहान नाट्यगृहे धरली आणि श्रोत्यांना शांत राहण्याची विनंती केली. जानेवारी १९९६ मध्ये यंग्जटाऊनचे गीत त्याने यंग्जटाऊनमध्येच गायिले.

संग्रहातील एका गीतात टेक्सासच्या किनाऱ्यावरचा स्थानिक कोळी, व्यवसायात वाटेकरी झालेल्या व्हिएतनामी निर्वासिताला मारण्यासाठी रात्री सुरी घेऊन दबा धरून बसतो. अखेर तो सुरी खिशात ठेवतो, त्याला जाऊ देतो आणि आपले जाळे टाकायला समुद्रावर निघतो. उत्पन्न दोघांचेही तुटपुंजेच राहते. सरासरीत काही फरक पडत नाही. तरीही त्या रात्री जे वाचले, त्याची नोंद कोणत्याही निर्देशांकात नव्हती. ती एका गाण्यात आहे.