पान काय सांगतं? 🌿

ऐरोलीच्या खाडीकाठी तिवराचं पान उन्हात निरखून बघा. वरच्या बाजूला मिठाचे बारीक कण चमकतात. पानातल्या मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी म्हणजे जनुकांची देणगी. शेजारच्या कांदळाच्या पानाला त्या नसतात. तो बरंचसं मीठ मुळांपाशीच अडवतो. चिखल एकच, पानं वेगळी!

पण पान फक्त जनुकांवर ठरत नाही; कुठल्याही झाडाच्या पानाच्या रंगात खनिजांचाही वाटा असतो. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतोय? जुनी पानं तशी असतील तर बहुधा मॅग्नेशियम कमी पडतंय. झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना पुरवतं. कोवळीच तशी पिवळी असतील तर बहुधा लोहाची कमतरता, कारण लोह पानातून सहसा हलत नाही.

सोसायटीतल्या झाडांना खत घालण्याआधी एवढं नक्की बघा!