दहा राग आणि तीन यंत्रे

हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत भैरव, यमन, मालकंस आदी दहा राग जपानच्या रोलँड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर ध्वनिमुद्रित केले. टीआर-८०८ वर ठेका, टीबी-३०३ वर खर्जातील आवर्ती स्वरमालिका आणि ज्युपिटर-८ वर रागाचे चलन, अशी ही विभागणी होती. टीबी-३०३ मधील स्वर एकमेकांत घसरत जातात. मींडेशी असलेले हे साधर्म्य रागसंगीताला पोषक ठरले. ध्वनिमुद्रिकेला मात्र अल्प प्रतिसाद मिळाला. पुढे १९८७ मध्ये शिकागोत याच यंत्राच्या नादातून ‘ॲसिड हाऊस’ शैली उदयास आली. २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतर दोहोंतील साम्य जगाच्या ध्यानी आले. सिंग यांचे २०१५ मध्ये निधन झाले. त्यापूर्वी, उशिरा का होईना, त्यांना ही कीर्ती लाभली.